गोठ्यातली जुनी गाडी: आधी ओळखा, मग उघडा, रंग सगळ्यात शेवटी

खान्देशात कुठल्याही गावात जा, एखाद्या गोठ्यात नाहीतर खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक तरी जुनी फटफटी उभी असतेच. वर कडब्याच्या पेंढ्या टाकलेल्या, हँडलला बैलाचं दावं अडकवलेलं, टायर जमिनीत रुतलेले. घरच्यांना ती अडगळ वाटते, भंगारवाला किलोच्या भावाने मागतो, आणि एखाद्या पोराला मात्र ती बघितली की झोप लागत नाही. मी त्यातलाच एक, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण मी सुरुवात केली तेव्हा मला मराठीत कुणी असं सांगणारं भेटलं नव्हतं आणि त्यात एक चांगला ब्लॉक (इंजिनचा सिलिंडर) खराब झाला, ते पुढे येईलच.

माझी गाडी म्हणजे मामांची राजदूत १७५. चोपडा तालुक्यातलं गाव, मामा रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून चोपड्याला जायचे, वीसेक वर्षं गेले. नंतर पिकअप घेतली आणि राजदूत गोठ्यात लागली ती १७ वर्षं तिथेच. मी मागितली तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "इकानी नही से, तुले चालवानी व्हई ते ली जाय." म्हणजे विकायची नाही, तुला चालवायची असेल तर घेऊन जा. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण नुसती चकचकीत करून ओट्यावर उभी करायची असेल तर कामाचा क्रमच बदलतो.

सगळ्यात आधी, गाडी हलवायच्याही आधी, मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या. भरपूर, शंभर-दीडशे काढा. कुठली केबल कुठून गेलीय, वायरिंगचा कुठला रंग कुठे जोडलाय, वॉशर कुठल्या बाजूला आहे, सगळं. तेव्हा वाटतं की आपल्या लक्षात राहील. सहा महिन्यांनी चेनकव्हरचा एक नट हातात घेऊन बसलात की कळतं.

आता ओळख. गाडीवरचं नाव, स्टिकर, टाकी यावर अजिबात विश्वास ठेवू नका, कारण एवढ्या वर्षांत टाकी बदललेली असते, मडगार्ड दुसऱ्या गाडीचं असतं, इंजिनसुद्धा बदललेलं असू शकतं. पहिला प्रश्न, टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोन हालचालींत एकदा पेट्रोल पेटतं) की फोर-स्ट्रोक (चार हालचालींत एकदा). हेडकडे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाकडे, बघा. हेडवर नुसत्या फिन आणि मधोमध प्लग असेल, बाजूला टॅपेटची (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या भागाची) झाकणं वगैरे काही नसेल तर टू-स्ट्रोक. हेडला टॅपेट कव्हर असेल आणि खाली इंजिन ऑइल बघायची काडी असेल तर फोर-स्ट्रोक. हिरो होंडा सीडी १०० (१९८५ ला आली, ९७.२ सीसी) आणि नंतरची स्प्लेंडर यांचा सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढे चाकाकडे तोंड केलेला, तो लांबूनच ओळखू येतो.

आपल्याकडे टू-स्ट्रोकमध्ये जास्त करून तीन घराणी सापडतात. एक राजदूत १७५, एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ डिझाइन पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीचं, १७३ सीसी आणि फक्त तीन गिअर. जुन्या राजदूतला पुढे आजच्यासारखे दोन सरळ फोर्क नसतात, पुढच्या चाकाला मागून येणारा आडवा हात आणि त्याला शॉकअप असतात, नंतरच्या मॉडेलला टेलिस्कोपिक फोर्क आले. तुमची कुठल्या काळातली आहे याचा हा एक ढोबळ अंदाज. दुसरं घराणं म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा आणि येझदी. जावा २५० आणि येझदी रोडकिंग, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे किक आणि गिअरचा लिव्हर एकच असतो, तोच आत दाबून वर फिरवला की किक होते. चेनही पूर्ण बंद कव्हरमध्ये. हा लिव्हर दिसला की दुसरं काही बघायची गरज नाही. येझदीचं उत्पादन १९९६ ला बंद झालं. तिसरं यामाहा आरएक्स १००, १९८५ ते १९९६, ९८ सीसी. याशिवाय इंड-सुझुकी एएक्स १००, मॅक्स १००, कावासाकी बजाज केबी १०० ह्याही कोपऱ्याकोपऱ्यात उभ्या आहेत, त्यांना सध्या कुणी विचारत नाही म्हणून स्वस्तात मिळतात आणि शिकायला उत्तम आहेत.

आरएक्स १०० बद्दल वेगळं सांगावं लागेल कारण त्यात फसवणूक फार आहे. आरएक्सजी किंवा आरएक्स १३५ ला जुनी टाकी आणि शंभरचं स्टिकर लावून शंभर म्हणून विकतात. बाहेरून सारखीच दिसते. खऱ्या आरएक्स १०० चा इंजिन नंबर १एल१ ने सुरू होतो. नंबर खोडून परत पंच केलेला असेल तर अक्षरं वरखाली दिसतात, आजूबाजूचा पृष्ठभाग घासलेला असतो, बोट फिरवलं तरी कळतं. शंका आली तर गाडी सोडून द्या, कितीही मन झालं तरी.

राजदूत ३५० सापडली, म्हणजे दोन सिलिंडरवाली आणि सहा गिअरची, तर कुणाला सांगत बसू नका, आधी घरी आणा. आणि बुलेट असेल तर गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि ३४६ सीसीचं ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचं इंजिन ही जुन्याची खूण. बुलेटवर लिहिणारे खूप आहेत म्हणून मी इथेच थांबतो.

नंबर कसा वाचायचा ते नीट सांगतो कारण इथेच लोक घोटाळा करतात. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांना हँडलच्या मानेवर, म्हणजे हँडल जिथे चेसिसमध्ये बसतं तिथे, पंच केलेला असतो. वर मातीचा, ग्रीसचा आणि दोन-तीन रंगांचा थर. मी मामांच्या गाडीला रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं, मग जुन्या टूथब्रशने हळूहळू घासलं, मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी करून फिरवली. आधी काहीच नाही, नुसतं करडं, मग एक सात उमटला, मग शून्य, आणि दहा मिनिटांत अख्खा नंबर कागदावर पांढरा उठून आला. ही पेन्सिल छाप जपून ठेवा, आरटीओतही लागते. ग्राइंडर, वायर ब्रशचं चाक, सँड ब्लास्टिंग नंबरच्या जागी कधीही नको. पावडर कोटिंगला चेसिस देताना नंबरवर टेप लावून द्या आणि त्या माणसाला दोनदा सांगा. नंबर गेला की गाडी रस्त्यावर आणणं जवळजवळ संपलं.

कागदपत्रांचं. आपल्याकडे जळगाव एमएच १९, धुळे एमएच १८, नंदुरबार एमएच ३९. नंदुरबार जिल्हा १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून शहादा, तळोद्याकडच्या जुन्या गाडीवर एमएच १८ दिसलं तर घाबरू नका, ते बरोबरच आहे. आणि एमएच च्या आधीची तीन अक्षरी सिरीज असेल तर गाडी साधारण १९८९ च्या आधीची. अशा गाड्यांची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन दिसतच नाही, मग जुनं हाताने लिहिलेलं आरसी बुक घेऊन आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्यावी लागते. आरसी हरवलं असेल तर पोलिसात तक्रार आणि फॉर्म २६. मालक हयात असेल तर ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, मालक वारला असेल तर वारसाच्या नावाने फॉर्म ३१. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून रिन्यू करायची, त्यात गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. फी मधेमधे वाढते म्हणून जायच्या आधी परिवहनच्या साइटवर बघून घ्या. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात व्हीए येतं, पण नव्या नोंदणीची फी २० हजार आहे आणि मग ती रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. मला मामांची अट पाळायची होती म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

माझं ठाम मत, पैसे द्यायच्या आधी कागद. कागद नसलेल्या गाडीवर ४० हजार घालून रडणारे मी बघितलेत.

मग गंज कुठे बघायचा. गोठ्यातल्या गाडीचं एक वेगळंच असतं, वरून छान दिसते आणि खालून गेलेली असते. जनावरांचं मूत जमिनीत मुरतं, त्याची वाफ वर्षानुवर्षं लागते, आणि शेजारी युरियाची, सुफल्याची पोती ठेवलेली असतील तर बघायलाच नको, क्रोम आणि अॅल्युमिनियम दोन्ही खाऊन टाकतं. स्टँडचे कान, स्विंगआर्मचा बोल्ट, बॅटरी बॉक्सचा तळ, चेसिसचा खालचा पाइप, इथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. वरचा गंज घासून जातो, पण टोक आत गेलं तर पाइप कापून नवा जोडावा लागेल आणि ते काम चांगल्या वेल्डरचंच, घरच्या वेल्डिंग मशीनवर चेसिस करू नका. आमच्याकडे अजून एक, कापूस. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरांनी घर केलेलं, अख्खा डबा कापसाने आणि दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कणसांच्या भुशाने गच्च भरलेला, आणि तोच कापूस कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत आलेला. सायलेन्सरमधूनही निघाला. गाडी तशीच चालू केली असती तर ते सगळं सिलिंडरमध्ये.

आणि इथेच माझ्याकडून चूक झाली. गाडी घरी आणली त्या दिवशी सगळे जमले, मावसभाऊ म्हणाला एकदा धक्का मारून बघू, आणि मीही हो म्हटलं, गिअरमध्ये टाकून ढकलली, क्लच सोडला, कर्र आवाज आला आणि चाक घसरत गेलं. पिस्टन आत गंजाने चिकटलेला होता, त्या एका धक्क्यात रिंगने ब्लॉकवर उभे ओरखडे पाडले. नखाला लागतील एवढे. जो ब्लॉक कदाचित नुसत्या होनिंगवर (आतून हलकं घासून) चालला असता तो रिबोअरला (भोक मोठं करून मोठा पिस्टन बसवायला) गेला.

तर असं करू नका. प्लग काढा, आत टॉर्च मारा, पिस्टनचा माथा दिसतो. प्लगच्या भोकातून डिझेल आणि थोडं गिअर ऑइल मिसळून शंभरेक मिली ओता आणि गाडी आठ दिवस सोडून द्या. मधे परत थोडं ओता. नंतर टॉप गिअर टाकून, मेन स्टँडवर, मागचं चाक हाताने पुढे-मागे अगदी हळू हलवा. किक मारायची नाही, किकचे दात तुटतात. सरकलं तर उत्तम. नाही सरकलं तर हेड काढा, परत भिजवा, लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका. घाई केली की पिस्टन फुटतो. माझ्या गाडीला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत मी बाकीचे भाग काढून घेतले.

उघडताना अंड्यांचे रिकामे ट्रे घ्या, किराणा दुकानात मिळतात. एक खण एक जागा, चिठ्ठी टाकून. जपानी गाडी असेल, आरएक्स किंवा हिरो होंडा, तर तिचे स्क्रू साध्या चौफुलीसारखे दिसतात पण खाच थोडी वेगळी असते, साधा स्क्रू ड्रायव्हर वर सरकून खाच गोल करतो. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. मॅग्नेट (क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्यावर, बसलेलं चुंबकाचं चाक) काढायला पुलरच वापरा, हातोडी नाही, मॅग्नेटवर हातोडी मारली की क्रँक वाकते आणि मग इंजिन आयुष्यभर थरथरतं. जुना एकही भाग फेकू नका. मी एकदा चाकं एका गॅरेजला दिली तर त्यांनी मूळ हबची झाकणं भंगारात टाकून दिली, तशी झाकणं मला धुळ्याच्या एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर आठ महिन्यांनी मिळाली, तीही एकच.

टू-स्ट्रोक इंजिनात लोक पिस्टन-रिंग बदलतात आणि क्रँकची ऑइल सील तशीच ठेवतात. ही फार मोठी चूक आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँक केसची पोकळीच पंपाचं काम करते, पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे येतं, दाबलं जातं आणि मग वर जातं. सील उभ्या उभ्या वाळून कडक झालेली असतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते, तापते आणि पिस्टन जाम. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, पांढऱ्या धुराचा लोट आणि गिअर ऑइल कमी कमी होत जातं. १७ वर्षं उभी असलेली गाडी म्हणजे सील बदलायचीच, वर वर चांगली दिसली तरी. त्यासाठी इंजिन दुभागायला लागतं, मग त्याच वेळी क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचा खालचा प्लेही बघून घ्या. रॉड वरखाली हलला तर काम आहे, बाजूला थोडा हलणं ठीक.

रिबोअर. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी अशा ओव्हरसाइजमध्ये मिळतात. आधी पिस्टन हातात घ्या, मगच ब्लॉक लेथवाल्याकडे द्या, म्हणजे तो त्या पिस्टनला मोजून बोअर करेल. माझा ०.५० वर गेला. जळगावच्या ज्या चाचांनी बोअर केला ते ७० च्या पुढचे आहेत, त्यांनी पिस्टन ब्लॉकमध्ये उलटा धरून सोडला, तो स्वतःच्या वजनाने सावकाश, श्वास सोडल्यासारखा खाली गेला, आणि ते म्हणाले, "बस, इतनाही चाहिए." मायक्रोमीटर त्यांच्याकडे होता, आधी त्यानेच मोजलं होतं, पण खात्री त्यांना हाताने झाली. रिंग बसवायच्या आधी नुसती रिंग ब्लॉकमध्ये सरळ ठेवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजा, फटच राहिली नाही तर गरम झाल्यावर रिंग अडकून तुटते. पोर्टच्या (ब्लॉकमधल्या मिश्रण आणि धूर जाण्याच्या भोकांच्या) कडाही किंचित गोल करून घ्या.

करंट. जुन्या गाड्या पॉइंटवाल्या (प्लगच्या ठिणगीसाठी करंटची उघडझाप करणारी धातूची दोन टोकं), आरएक्स १०० सीडीआयवाली (तेच काम इलेक्ट्रॉनिक). पॉइंट १७ वर्षांत काळे पडतात, करंट येत नाही आणि लोक कॉइल बदलत बसतात. बारीक पॉलिश पेपरने तोंड साफ करा, मग साधा पांढरा कागद मधून ओढून घ्या म्हणजे कण निघतात. गॅप साधारण ०.४ मिमी, प्लगचा ०.६ च्या आसपास. कंडेन्सर मात्र सरळ नवा टाका. पॉइंटमध्ये निळी मोठी ठिणगी उडत असेल आणि प्लगला अशक्त पिवळी, तर कंडेन्सरच गेलाय. टायमिंगला पॉइंट कधी उघडतो ते बघायची जुनी पद्धत, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा आणि मॅग्नेट हळू फिरवायचं, कागद सुटला तो क्षण. वायरिंगला उंदरांनी सोडलं नसेल तर नशीब, मी पूर्ण हार्नेस नवा केला, मूळ रंगांच्याच वायरी वापरून. बऱ्याच जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात, १२ चा बल्ब लावून लाइट मिणमिणतो म्हणून तक्रार करू नका.

टाकी हे वेगळंच प्रकरण. आत गंज आणि जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर. किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या, एक लिटर कोमट पाण्याला साधारण १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरा, कॉक काढून तिथे रबरी बूच लावा, एक दिवस ठेवा. त्याआधी मूठभर नट नाहीतर साखळीचा तुकडा टाकून हलवलं तर सुटा गंज निघतो, नट मोजून टाका आणि मोजून काढा. पाणी बाहेरच्या रंगावर ओघळू देऊ नका. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा, लगेच उन्हात वाळवा, आपल्याकडच्या उन्हात तासाभरात होतं, आणि वाळल्या वाळल्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) टाकून आतून फिरवा, नाहीतर डोळ्यासमोर परत तांबूस होते. टाकी गळत असेल तर एक गोष्ट जीवावरची आहे म्हणून सांगतो, पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिला वेल्डिंगचा टॉर्च लावला की स्फोट होतो. हे काम करणाऱ्या अनुभवी माणसाकडेच द्या, तो आधी पाणी भरून वाफ काढतो.

कार्बोरेटर पूर्ण खोला, जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) काढून समोर धरा, भोकातून उजेड दिसला पाहिजे. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. फ्लोट (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग) कानाजवळ हलवा, आत पेट्रोलचा आवाज आला तर फ्लोट फुटलाय. रबराचे पाइप सगळे नवे, आणि इथेनॉलला टिकणारे घ्या, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं आणि ओलावा ओढतं. महिनाभर गाडी चालवणार नसाल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालू ठेवायची, ही सवय लावून घ्या.

सायलेन्सरची आतली जाळी काढून कार्बन जाळून किंवा खरवडून काढा. कॉस्टिक सोडा वापरत असाल तर फक्त लोखंडी भागाला, अॅल्युमिनियम त्यात विरघळतं, आणि हातमोजे, चष्मा घालून.

ब्रेक आणि टायरवर पैसे वाचवू नका. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे १५१८ असेल तर २०१८ च्या १५ व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर बदलायचाच. आरे गंजले असतील तर नवे टाकून चाक ओढून घ्या. ब्रेक शू, केबल, कोनसेट (हँडलचे बेअरिंग), चेन-चक्कर नवीन.

आता रंग. मुद्दाम इतक्या उशिरा सांगतोय. आधी गाडी बिनरंगाची जोडा, चालू करा, शे-दोनशे किलोमीटर फिरवा, जे गळायचं ते गळू द्या, मग परत उतरवून रंगाला द्या. उलटं केलं तर नव्या रंगावर पेट्रोल ओघळतं आणि पाना लागून टवके उडतात. मूळ रंग कुठला होता ते टाकीच्या बॅजखाली किंवा सीटखाली झाकलेल्या जागी सापडतो, मामांच्या गाडीचा बॅज काढला तर खाली चिंचोक्यासारखा गडद लाल निघाला, मामा स्वतः विसरले होते. आणि रंग मे महिन्यात करू नका, जळगावला ४४-४५ डिग्रीत रंग पत्र्यावर बसायच्या आधीच सुकतो, संत्र्याच्या सालीसारखा होतो, वर वावटळीची धूळ. पावसाळ्यात दमटपणाने पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले. मागच्या मडगार्डवर दुधाच्या कॅनने घासून घासून दोन चंद्रकोरीसारखे खोलगट डाग पडलेत, ते मी लांबी (पुट्टी) लावून भरले नाहीत. पेंटर दोनदा म्हणाला, भरून देतो, मी नको म्हटलं. ज्या खुणा वापराने पडल्यात त्या ठेवाव्यात असं माझं मत आहे, ज्या गंजाने पडल्यात त्या काढाव्यात.

पहिल्यांदा चालू करताना टाकीत अर्धाच लिटर ताजं पेट्रोल, त्यात टू-टी ऑइल लिटरला ५० मिली (नंतर राजदूत, येझदीला ४० वर आणा), गिअर ऑइल नवीन, जवळ वाळूची बादली आणि ओलं पोतं. चोक, दोन किका स्विच बंद ठेवून, मग स्विच चालू करून. माझी सातव्या किकला लागली. लागल्यावर रेस करत बसू नका. इंजिन चालू असताना कार्बोरेटरच्या जोडाजवळ थोडं डब्ल्यूडी-४० मारून बघा, रेस बदलली तर तिथून हवा ओढतेय, फक्त स्प्रे गरम सायलेन्सरकडे आणि प्लगच्या वायरीकडे जाऊ देऊ नका. दहा-पंधरा किलोमीटरनंतर प्लग काढून रंग बघा, चहासारखा तपकिरी असेल तर बरोबर, पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे, गाडी तिथेच थांबवा, काळा ओला असेल तर जाड, तेवढं घाईचं नाही.

पहिले ५०० किलोमीटर ४० च्या वर जायचं नाही, आणि एकाच वेगात लांब चालवायची नाही, थोडी वाढवायची थोडी सोडायची. मागे माणूस नको. उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये पळवू नका, राजदूत, येझदीसारख्या टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, उतार असला तर क्लच दाबा नाहीतर मधून थोडा अॅक्सिलरेटर द्या. ५०० झाले की रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी, इंजिन थंड असतानाच, हेडचे नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे करून परत आवळा, गिअर ऑइल बदला आणि जुनं ऑइल पांढऱ्या ताटलीत काढून बोटांनी चोळून बघा. बारीक चांदीसारखी भुकटी असेल तर ते नव्या भागांचं बसणं आहे, पण बोटाला टोचणारा कण लागला तर गाडी उभी करा आणि तो कण कुठल्या दातऱ्याचा आहे ते शोधल्याशिवाय परत किक मारू नका.